सखुबाईंच्या पगाराची ओळ

दिनानाथशेठना त्यांच्या कंपनीचे चार कोटी हवे होते. का, तर आकडा सांगताना तोंड भरलं पाहिजे. उरणच्या बंदरातून कंटेनर वाहणारे बारा ट्रेलर, बारा ड्रायव्हर आणि घराला लागून पत्र्याच्या शेडमधलं ऑफिस, एवढी ही कंपनी. जमीन बंदरात गेली, त्या पैशांत त्यांनी पहिला ट्रेलर घेतला, त्याला बावीस वर्षं झाली. आता गुडघे कुरकुरायला लागले होते, मुलगा हितेश पुण्यात नोकरीत रमला होता आणि मुंबईची एक मोठी कंपनी हा धंदा विकत घ्यायला तयार होती. कंपन्यांची किंमत काढणं हे माझं काम, म्हणून शेठनी मला बोलावलं. मी अलिबागची. रेवसहून लाँचने करंजाला उतरायचं आणि रिक्षा करायची.

पहिल्याच दिवशी मी त्यांना किंमत काढायच्या तीन रीती सांगितल्या. एक, आज सगळं मोडून विकलं तर काय हाती येईल. बारा जुने ट्रेलर मिळून दीड कोटी.

"दीड?" शेठ उखडले. "रोज धुतो मी गाऱ्या!"

धुतल्याने गाडीचं वय कमी होत नाही, असं मी म्हटलं, ते त्यांना अजिबात आवडलं नाही. दुसरी रीत, अशीच कंपनी अलीकडे कितीला विकली गेली. आणि तिसरी, माझ्या मते खरी, ही कंपनी पुढे वर्षाला किती कमावत राहील. आंब्याचं झाड घेणारा लाकडाचे पैसे देत नाही, पुढच्या आंब्यांचे देतो. या धंद्यात वर्षाच्या नफ्याच्या साधारण पाचपट मिळतात.

हिशेबात नफा होता शहात्तर लाख. त्यात एक खर्च मला खटकला. तांदूळ, सुकट, तेल, सिलिंडर, वर्षाला सहा लाख. घरचा किराणा कंपनीच्या नावावर घालायची खोड बऱ्याच मालकांना असते. असा खर्च नव्या मालकाला पडत नाही, म्हणून आम्ही तो नफ्यात परत मिळवतो. झाले ब्याऐंशी लाख. पाचपट केले, चार कोटी दहा लाख! शेठनी माझ्या हातावर पेढा ठेवला. मी सही केलेला हा आकडा मुंबईवाल्यांनाही पटला. मी मनात म्हटलं, मृणाली, काय ग हुशार तू.

ती हुशारी आठ दिवस टिकली.

सौद्याआधी ड्रायव्हरांच्या नोंदी तपासायच्या राहिल्या होत्या. या धंद्यात ड्रायव्हर वर्षभर टिकला तरी नशीब म्हणतात. इथे बारापैकी नऊ जण दहा वर्षांहून जुने. रतन नावाचा ड्रायव्हर ट्रेलर काढत होता. त्याला विचारलं, दुसरीकडे जास्त पगार मिळत नाही का?

"मिलतो की, दोन हजार जास्ती," तो म्हणाला आणि सीटमागून डबा काढून दाखवला. "पन तिथं ह्यो न्हाय."

डब्याच्या कडीला हिरवा दोरा बांधलेला होता.

मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर बाकीचे अकरा डबे, अकरा रंगांचे दोरे. शेठची बायको सखुबाई तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून माणूस दोऱ्यावरून ओळखायचा. पिवळ्याला सुकटीचा वास चालत नाही, त्याचा तवा वेगळा. निळ्याला डायबिटीस, त्याला भात नाही. बंदराच्या गेटवर गाडी तास न् तास रांगेत उभी राहते, तिथे हा डबा उघडायचा. बावीस वर्षं त्या पहाटे चारला उठत होत्या.

"आधी जेव बाय, मंग काय त्ये इचार," म्हणून त्यांनी मला पाटावर बसवलं. सुकट झकास झाली होती, पण खाता खाता मला तो सहा लाखांचा किराणा आठवला. ज्यामुळे कंपनी उभी होती, तेच मी घरखर्च म्हणून खोडलं होतं.

संध्याकाळी मी शेठपुढे नवा कागद ठेवला. सहा लाख पुन्हा खर्चात. त्याखाली नवी ओळ : दोन आचारी, वर्षाला चार लाख. नफा बहात्तर लाख. किंमत तीन कोटी साठ.

शेठ भडकले. "किराण्याचं समजलं. पन बायकोनं जेवन केलं, त्याचा पगार कोन लावतो?"

"नवा मालक लावेल. त्याला सखुबाई थोड्याच मिळणार आहेत? फुकटात झालेलं काम म्हणजे नफा नव्हे, शेठ. तुमचा पगार पहिल्या वर्षापासून हिशेबात आहेच की."

"आन दोन आचारी कशाला? ती तं एकटी करते."

"एकटीने एवढं करणारं माणूस पगारावर मिळत नाही."

त्यांनी कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "पन त्यांनी तं चार कोटी धा मान्य केलंय."

"मी माझी पहिली सही मागे घेतेय. तुम्ही दुसऱ्या कुणाकडून किंमत काढून घ्या. डब्यांचं त्यांना कळणारही नाही." खरं तेच सांगितलं, पण ते खरंच तसं करतील म्हणून घाबरले होते. मला हा माणूस आवडायला लागला होता.

शेठ गुडघा धरत उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. सखुबाई खाली बसून परत आलेले डबे घासत होत्या.

"सखू, म्याडमनी तुजा पगार काढला. वर्साला चार लाख."

"मना?" सखुबाई खळखळून हसल्या. "मंग इतकी वर्सां कुठं गेला त्यो?"

"मीच खाल्ला," शेठ म्हणाले.

"मंग आता कंपनीचं पैसं जास्ती येतील?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. सांगणं भागच होतं. नाही सखुबाई, मूळ आकड्यापेक्षा पन्नास लाख कमी येतील.

त्यांचा हात थांबला. "माज्यामुलं किंमत कमी झाली?"

माझे डोळे भरून आले. शेठना खाली बसता येत नाही, तरी भिंतीला धरून ते सखुबाईंच्या शेजारी बसले आणि त्यांनी बाईंच्या हातातला डबा स्वतःकडे घेतला.

"कमी नाय झाली, सखू. बावीस वर्सां मीच जास्ती सांगत व्हतो."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्याडम, करा सही."

तिथेच ओट्यावर कागद ठेवून मी सही केली.