नाव बदललं अन् तीर्थपुरीहून मेसेज आला

सकाळपासून जीव थाऱ्यावर न्हाई, म्हणून इथं लिहून राह्यलो.

मी अन् माझा दोस्त इरफान तीन वर्षांपासून एक ओपन सोर्स प्लॅटफॉर्म बनवतोय. त्यावर कोणीही फुकटात स्वतःचं वेब अ‍ॅप तयार करू शकतं. सुरुवातीला नाव सुचलं न्हाई, म्हणून 'तात्पुरतं' असं टाकून दिल्तं.

आज नवीन जालन्यात, इरफानच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात, दोन तास भांडून चांगलं नाव ठरवलं अन् सगळीकडं बदललं. नावाबरोबर वेबसाइटचा पत्ताही बदलतो अन् जुन्या लिंका बंद पडतात, हे डोक्यातच आलं न्हाई.

थोड्या वेळात आमच्याच जिल्ह्यातल्या तीर्थपुरी गावच्या एका अनोळखी शिक्षिकेचा मेसेज आला. "सर, 'तात्पुरतं'वर मी शाळेच्या हजेरीचं अ‍ॅप बनवलंय. आज उघडतच नाही. अकराच्या आत हजेरी पाठवायची आहे."

आपलं कोणी वापरतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

इरफान म्हणाला, "जल्दी जुनं नाव टाक. आपण मंग भांडू."

टाकलं. बाईंचं उत्तर आलं, "झालं सर." मंग आम्ही भांडलोच न्हाई. नुसते त्या 'तात्पुरतं'कडं बघत बसलो.

बनवलं आम्ही, अन् आता नाव बदलायला तीर्थपुरीच्या बाईंना विचारावं लागणार. तुम्ही विचारलं असतं, का गपचूप बदललं असतं?