मामांचं न ऐकणारा मध

माझे मामा आयुष्यात कधी चुकले नाहीत. चुकायचं ते तेल, दूध आणि फार झालं तर मामी. "भांडं तेच, भोक तेच, मग वेळही तेवढाच लागणार," असा त्यांचा सिद्धान्त होता. पाणी जेवढ्या वेळात गळतं, तेवढ्याच वेळात बाकीच्यांनीही गळावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा.

एकदा त्यांनी एरंडेलाच्या डब्याला खिळ्याने भोक पाडून खाली बाटली ठेवली. "चहा होईपर्यंत भरते बघ." चहा झाला, जेवणं झाली, बाटलीत तेल बोटभर. "भेसळ आहे," मामांनी निकाल दिला.

नव्वदच्या दशकातल्या एका जानेवारीत सटाण्याची मंडळी मला बघायला द्वारका चौकाजवळच्या मामांच्या घरी आली. आधीच्या स्थळांनी मला नाव आणि स्वयंपाक याखेरीज काही विचारलं नव्हतं, आणि नकार मात्र तत्परतेने कळवला होता. मामांनी या वेळी आधी पिंडीवर अभिषेक, मग पोहे, मग दुपारची बस असा बेत आखला. पिंडीवर टांगायचं, तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं पात्र त्यांनी आदल्या दिवशी पाणी भरून, घड्याळ लावून तपासलंही होतं.

दूध बऱ्यापैकी वेळेत गळलं. मामांनी मिशीवर हात फिरवला. मग मध ओतला. थंडीत त्याने एक तार सोडली, तीही विचार करत करत. गुरुजी मंत्र पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागले.

"मामा, जरा उन्हात धरू का?" मला बघायला आलेल्या मुलाने विचारलं.

"काही गरज नाही. गळेल."

मामीने पात्र काढून त्याच्या हातात दिलं. "गच्चीवर ऊन आहे. तूही जा गं, वाट दाखव." घराला जिना एकच होता.

भोकाला बोट लावून तो उन्हात उभा राहिला. "मामा नेहमी असेच?"

"छे! आज पाहुणे आहेत म्हणून नमतं घेतायत."

तो इतका हसला की मध सांडता सांडता राहिला. मग आम्ही बोलत बसलो, मध पातळ झाल्यावरही.

बस अर्थातच गेली. त्याची आई म्हणाली, "बस गयी ते गयी. पोर चांगली शे."

लग्नात मामा प्रत्येकाला सांगत होते, "मध मुद्दाम घट्ट आणला होता." पाठवणीच्या वेळी मात्र ते मांडवामागे जाऊन उभे राहिले. "धूळ सोसत नाही त्यांना," मामी म्हणाली. धूळ कुठेच नव्हती.

काही वर्षांनी मामा गेले. ते अत्यवस्थ असल्याचा निरोप मिळताच मी सटाण्याहून निघाले, पण पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मामीने मला जवळ बसवलं.

"सारखं तुझंच विचारत होते. मी म्हटलं, निघालीय, येईलच एवढ्यात. तर म्हणाले, घाटात ट्रक फार असतात, तिला म्हणावं सावकाश ये."