मोज्यातलं कुलूप

आमच्या सासूबाई वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कुलपं उघडायला शिकल्या. किल्लीने नव्हे, किल्लीने काय कुणीही उघडतं. दोन बारीक पोलादी पट्ट्यांनी. मी तेव्हा कुणी भेटलं की "आमच्याकडे सासूबाई कुलपं फोडतात" असं सांगून हशा मिळवायची. त्या ऐकायच्या आणि न चिडता म्हणायच्या, "फोडत नाही गं, उघडते." मी पुढच्या वेळी पुन्हा तेच सांगायची.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकते. फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेणं ही माझी नोकरी. पार्सल आलं नाही, आलं ते फुटकं आलं, फुटकं परत केलं तर त्याहून फुटकं आलं. आठ तास 'आपली गैरसोय झाली, क्षमस्व' म्हटल्यावर घरच्या माणसांसाठी गोड शब्द उरत नाहीत. सासूबाई माझ्या अगदी उलट. एकतीस वर्षं त्यांनी रुग्णालयात चादरी-कपड्यांच्या कोठीवर काढली. हजारो चादरी घडी घालून रचायच्या. घडी न उलगडता नुसता हात फिरवला की चादर कुठे विरली आहे ते त्यांच्या बोटांना कळायचं. निवृत्त झाल्या त्या दिवशी कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा परत देऊन आल्या आणि महिनाभर कमरेला हात लावून लावून बघत होत्या.

सासरे, म्हणजे आमचे नाना, बस डेपोत टाइमकीपर होते. कोणती गाडी किती वाजता सुटली आणि किती मिनिटं उशिरा आली, हे सगळं डोक्यात. त्याच डोक्याने सत्तरीनंतर दगा दिला. आधी चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, मग शेजाऱ्यांची नावं, मग अधूनमधून आम्ही. एक गोष्ट मात्र त्यांच्यात पक्की रुतून बसली, कुणीतरी घरात शिरणार आहे. म्हणून ते आपल्या खोलीचं दार आतून कुलूप लावून बंद करायचे आणि किल्ली अशा ठिकाणी लपवायचे की लपवून हात झटकेपर्यंत स्वतःच विसरायचे. त्या कुलपाला आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून किल्ली लागायची. दुसरी किल्ली केली, ती त्यांनी शोधून काढली. तिसरी सासूबाईंनी कमरेला खोचली, तर नानांनी सरळ हात पुढे केला, "ती इकडे दे." सासूबाईंनी दिली. नानांना खोटं सांगणं त्यांना कधी जमलंच नाही.

मग यायचा कुलूपवाला. चौकातल्या टपरीत बसणारा, पंचेचाळिशीचा, कानावर पेन्सिल अडकवलेला माणूस. एका महिन्यात सहा वेळा आला. आमच्या ह्यांनी एकदा वैतागून कुलूपच काढून टाकलं. त्या रात्री नाना खुर्ची दाराला लावून तिच्यावर बसून राहिले. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी कुलूप परत बसवून घेतलं आणि आम्हाला बजावलं, "त्यांना दार लावू द्यायचं. उघडायचं कसं ते माझ्याकडे लागलं."

सातव्या वेळी कुलूपवाला म्हणाला, "काकू, दर खेपेला मला बोलावण्यापेक्षा तुम्हीच शिका की." स्वतःच्याच पोटावर पाय देणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याने एक कुलूप आणून दिलं. प्लास्टिकचं, आरपार दिसणारं, फक्त सरावासाठी केलेलं. आत पाच छोट्या पितळी खिट्ट्या आणि त्यांच्यावर स्प्रिंगा. एका वाकड्या पट्टीने कुलूप हलकंसं पिळून धरायचं आणि दुसऱ्या आकडीने एकेक खिट्टी वर उचलायची. पाचही आपापल्या उंचीला गेल्या की कुलूप फिरतं.

"पाची एकदम हट्ट करत नाहीत," त्याने समजावलं. "एका वेळी एकच अडते. ती कोणती ते ओळखायचं, तिलाच समजवायचं. जोर लावलात की सगळ्या रुसल्या."

"म्हणजे लेकरांसारखंच की मास्तर," सासूबाई म्हणाल्या. वीस वर्षांनी लहान असलेल्या माणसाला त्या पहिल्याच दिवसापासून मास्तर म्हणायला लागल्या.

चार दिवसांत त्या ते कुलूप पटापट उघडू लागल्या. नव्या चपला मिरवाव्यात तशा टपरीवर दाखवायला गेल्या, मी भाजी घ्यायला सोबत होते. मास्तरांनी पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "हे तुमचे डोळे शिकलेत, काकू. बोटं कुठं शिकली? नानांच्या खोलीचं कुलूप काही काचेचं नाही. याला मोजा घाला आणि मग या."

सासूबाईंनी घरी येऊन नानांचा जुना करडा मोजा त्या कुलपावर चढवला. झालं, पुन्हा श्रीगणेशा. अकरा दिवस कुलूप ढिम्म हललं नाही. भाजी शिजेपर्यंत, दूध तापेपर्यंत, नाना पेपर उलटा धरून वाचत असेपर्यंत त्यांचे हात त्या मोज्यात. मी म्हणायची, "आई, या वयात हे कसलं खूळ?" बाराव्या दिवशी मोज्यातून कट्ट असा आवाज आला. सासूबाईंनी उठून नानांच्या पुढ्यातला पेपर सुलटा करून ठेवला.

मास्तरांचा एक नियम होता आणि तो त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. "कुलूप कुणाचं? ज्याचं कुलूप त्याची परवानगी. त्याशिवाय हात लावायचा नाही."

"आमच्या ह्यांचं," सासूबाई म्हणाल्या.

"मग त्यांना विचारून या."

मी मनात कपाळाला हात लावला. ज्यांना स्वतःचा मुलगा आठवत नाही, त्यांची परवानगी! पण सासूबाईंनी नानांची बरी सकाळ पाहिली, त्यांच्याशेजारी बसून नीट विचारलं आणि टपरीवर जाऊन सांगितलं, "हो म्हणाले. एक अट घातलीय." अट कोणती ते मास्तरांनी विचारलं नाही. मीही नाही.

नानांचं खरं कुलूप त्यांनी पहिल्यांदा उघडलं त्या दिवशी मी कामावर होते. संध्याकाळी घरी आले तर नाना कपाटामागे लपून उभे, हातात काठी, आणि सासूबाईंच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. म्हणाल्या, "चूक माझी होती." बस, त्यापुढे एक शब्द नाही. आमच्या ह्यांनी आणि मी तर्क केला, नाना आता मारायला लागले. नणंदबाईंना फोन झाला. त्यांनी एक वृद्धाश्रम पाहूनच ठेवला होता, स्वच्छ, झाडंबिडं असलेला, खोल्यांना आतून कड्याच नसलेला. पुढच्या एक तारखेला नानांना तिथे पोचवायचं ठरलं. हो म्हणणाऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाज माझा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तारखेपर्यंत मला सांभाळू द्या. पुन्हा असं झालं तर मीच त्यांची पिशवी भरीन."

एक तारखेला नऊ दिवस उरले होते. दुपारची वेळ. सासूबाई औषधं आणायला खाली गेल्या आणि मी नानांना चहा द्यायला खोलीत गेले. कप ठेवून वळते तोवर माझ्या पाठीमागे दार लागलं, कुलूप फिरलं.

"नाना, किल्ली द्या."

"कसली किल्ली?" आणि मग माझ्याकडे नीट बघत, "आपण कुणाकडे आलात?"

माझा फोन स्वयंपाकघरात. किल्ली त्यांच्या हातात नव्हती, खिशात नव्हती, उशाखाली नव्हती. मी शोधाशोध केली, ते जास्तच बावरले. मी आवाज चढवला, त्यांनी काठी उचलली. माझी पाचावर धारण बसली. हा माणूस माझ्या बाळंतपणात रोज सकाळी माझ्यासाठी पाणी तापवायचा, आणि आता माझ्याकडे चोराकडे बघावं तसा बघत होता. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्यांची कीव नाही, राग आला. एक तारीख उद्याच हवी होती असं वाटलं.

इतक्यात दाराबाहेर चपलांचा आवाज थांबला.

"आई, मी आत अडकलेय!" मी ओरडले.

"बरं. तू खाली बैस आणि बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या. आणि मग वेगळ्याच, निवांत आवाजात, "अहो, सकाळची पहिली गाडी किती वाजता सुटायची हो?"

नानांनी काठी जरा खाली केली. "पाच वीस."

"आणि दुसरी?"

"पाच पस्तीस. पण ती कधी वेळेवर निघाली नाही. ड्रायव्हर चहाला जायचा."

"कोण, तो मिशीवाला?"

"मिशीवाला नव्हे, तोतरा!" नाना चक्क हसले. पाच पन्नास, सहा पाच, सहा वीस, गाड्या एकामागून एक सुटू लागल्या. मी पलंगाच्या कडेला बसून दाराकडे बघत होते. बाहेरून उंदराने कुरतडावं तसा बारीक आवाज येत होता. दार आणि चौकट यांच्या फटीत कुलपाची जीभ दिसत होती. सात दहाच्या गाडीला ती हळूच मागे सरकली आणि दाराआड गेली.

कुलूप उघडलं होतं. मी उठून धावणार, तर लक्षात आलं, दार कुणी ढकलतच नाहीये. बाहेर सगळं शांत. मग दारावर टकटक झाली. तीन वेळा, पाहुण्याने करावी तशी.

"कोण?" नानांनी विचारलं.

"मी आहे. आत येऊ का?"

नानांनी काठी कोपऱ्यात ठेवली. सदऱ्याची वरची गुंडी लावली. "थांब, उघडतो," म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने हँडल दाबून दार उघडलं. मग माझ्याकडे वळून, "बघितलंस ना, सूनबाई? उगाच घाबरत होतीस."

त्यांनी मला ओळखलं होतं. मला रडू आवरेना.

नंतर स्वयंपाकघरात मी सासूबाईंना विचारलं, "दार उघडलं होतं, तरी तुम्ही आत का नाही आलात?"

त्या पट्ट्या पुसून मोज्यात ठेवत होत्या. "तीच तर त्यांची अट होती. म्हणाले, उघड की, पण आधी टकटक कर, मला कळू दे कोण आलंय. आणि पहिल्या दिवशी मी काय केलं? कुलूप फिरलं त्या आनंदात 'उघडलं, उघडलं' करत तशीच आत घुसले. बंद दारातून माणूस आत आलं, तर त्यांनी काठी मारायची नाही तर काय करायचं? तुम्हाला काय सांगणार होते, शब्द मी मोडला होता."

त्याच संध्याकाळी नणंदबाईंना फोन मी केला. म्हटलं, "ताई, नाना कुठे जाणार नाहीत." त्या म्हणाल्या, "अगं, तूच तर म्हणत होतीस..." मी म्हटलं, "म्हणत होते, चुकत होते." माझ्या तोंडून असं वाक्य फुकट निघत नाही, हे त्यांनाही ठाऊक, त्यामुळे त्यांनी वाद घातला नाही.

त्यानंतर नाना दोन वर्षं आणि तीन महिने आमच्यात होते. दार लावत राहिले, सासूबाई उघडत राहिल्या, आणि दर वेळी नानांना वाटलं की उघडलं ते आपणच. शेजारची माणसं आपापली गंजकी कुलपं घेऊन यायला लागली, तर त्यांनाही सासूबाईंचा पहिला प्रश्न तोच, कुलूप कुणाचं? मास्तरांनी पुढे त्यांना सहा खिट्ट्यांचं कुलूप दिलं. त्या मोजा चढवून बसायच्या, आणि कधीकधी शेजारी मी, दुसरा मोजा घेऊन. मला अजून चारच खिट्ट्या जमतात. पण फोनवर कुणी भडकून बोलायला लागलं की आता मी आधी बघते, यातलं अडलंय नेमकं काय. या बाईंच्या घरात सून म्हणून आले याचे मी उपकार मानते, आणि हे त्यांना तोंडावर सांगितलंही आहे. त्या म्हणाल्या, "जोर कमी लाव, खिट्टी रुसेल."

नाना गेले ते आपल्याच पलंगावरून. त्या सकाळी दार आतून बंद होतं आणि आम्ही हाका मारल्या तरी आत हालचाल नव्हती. आमचे हे दार तोडायला निघाले होते, सासूबाईंनी त्यांना हाताने थांबवलं. गुडघे टेकून बसल्या, पट्ट्या काढल्या, पहिल्या गाडीची वेळ विचारली, आणि उत्तर नसतानाही पाचही खिट्ट्या एकेक करून उचलल्या. जीभ मागे सरकली. मग त्या उठल्या, पदर सारखा केला आणि दारावर तीनदा टकटक केली.

थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "मी आहे. येते हं आत."