विमानातला तिसरा माणूस

त्या वर्षी महाडबाहेरच्या माळावर एका लहान विमान कंपनीने पिकांवर औषध फवारायला तळ ठोकला होता. कंपनीचा कारकून पोलादपूरकडचा. मी तार ऑफिसात होतो, त्यामुळे रोज सकाळी तो माझ्या खिडकीशी येई. वैमानिकाच्या वतीने मुंबईच्या विमानतळाला तार करायची असे: विमान कधी निघणार, कुठे जाणार, पेट्रोल किती तास पुरेल, आत माणसं किती. याला तो फ्लाइट प्लॅन म्हणे आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून माझ्याकडून परत वाचून घेई.

एकदा त्याच्यामागून मालकच आत आला. विमान मुंबईला निघायचं होतं. परवानगी वैमानिकासह दोघांची, आणि मालकाला आणखी एक पाहुणा बसवायचा होता.

"दोनच लिही," मालक म्हणाला.

"बसणार तीन, तर मी दोन नाय लिवणार."

"काय बिघडतं रे?"

"विमान डोंगरात पडलं, तर दोन माणसं सापडली की शोधणारे माघारी फिरतील. तिसऱ्याला कोण हुडकणार, साहेब?"

"उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

"नाय येणार. पण आजच्या कागदावर सही माझी हाय."

दाराशी उभ्या पाहुण्याने हे ऐकलं आणि तो एसटीकडे वळला. विमान दोघांनाच घेऊन उडालं.

कारकून मात्र बाकावर बसून राहिला. "आता कशाला थांबलात?" मी विचारलं.

"पोचल्याची तार आल्याबिगर कागद पुरा होत नाय."

दुपारी तार आली. त्याने ती दोनदा वाचली, टोपी सारखी केली आणि तो उठला. मालकाने त्याला सकाळीच काढलं होतं. त्याने काम सोडलं ते तेव्हा.