काजव्यावर घातलेला कोट

कोरलेल्या भोपळ्याच्या पोटात मेणबत्ती लावली, की थोड्या वेळानं त्याचं झाकण आतून करपू लागतं आणि एक गोडसर, ओलसर, किंचित जळका वास अंगणभर पसरतो. शॉमबर्गच्या आमच्या गल्लीत ऑक्टोबरच्या अखेरीस तो वास मेपलच्या कुजत्या पानांच्या वासात मिसळला, की ऋतू कलल्याचं कळतं. आणि त्याच सुमारास फोन थरथरू लागला, की वैशालीवहिनींच्या सूचना सुरू झाल्याचंही कळतं.

वैशालीवहिनी दोन घरं सोडून राहतात. हॅलोविनच्या संध्याकाळी गल्लीतली मराठी मुलं नाना सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत हिंडतात, त्यांच्या सुरक्षिततेचा मक्ता गेली सात वर्षं त्यांच्याकडे आहे. मुखवटा नको, त्यातून नीट दिसत नाही, चेहरा रंगवा. झगा घोट्याच्या वर. बाहेरचा दिवा लागलेला नसेल त्या घराची पायरी चढू नका. उभ्या गाड्यांच्या मधून रस्ता ओलांडू नका. घरी उजेडात तपासल्याशिवाय खाऊ तोंडात टाकू नका. एकूण एक सूचना रास्त, आणि तरीही त्या दिवसातून चौथ्यांदा वाचताना जीव अगदी विटून जातो. यंदा तर प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, मनगटावर दिवा, आणि पाठीवर, पोटावर, बाह्यांवर, बुटांवरसुद्धा गाड्यांच्या उजेडात लखलखणाऱ्या रुपेरी पट्ट्या. त्यांची ईशा आता तेरा वर्षांची, धाकट्यांची म्होरकी, ती वैतागून म्हणाली, "आई, प्लीज. आय लुक लाइक अ ट्रॅफिक कोन." मीही बोलून गेलो, की वहिनी, पोरं चॉकलेटं मागायला निघालीत, रस्ता खणायला नाही. सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. गुडघ्यांवर बसून त्या एका पट्टीवर अंगठा दाबत राहिल्या, पुन्हा, पुन्हा, चिकटून गेल्यावरही.

त्या अंगठ्याकडे मला बघवत नाही. चिडचिड होते ती त्यांच्यामुळे, असं मी स्वतःला सांगत आलो. पण हा जाच मुलांच्या मागे लावला आहे तो मी, आणि हे मी आजवर कुणालाही, बायकोलासुद्धा, सांगितलेलं नाही. माझा मुलगा केव्हाच कॉलेजात गेला, तरी मी दरवर्षी या मुलांसोबत हिंडतो. लोकांना ती माझी हौस वाटते.

सहा वर्षांची असताना ईशा काजवा झाली होती. वहिनींनी जुन्या ओढणीचे पंख शिवले होते आणि त्यांवर याच रुपेरी पट्ट्या लावल्या होत्या, पण मोजक्या, नक्षीसारख्या. त्या वर्षी मुलांना फिरवून आणायची पाळी माझी होती. सूर्य बुडून पश्चिमेला नुसती जांभळी धग उरलेली, वारा हाडांत शिरणारा, आणि त्या झिरझिरीत पंखांखाली पोरीचे दंड काकडलेले. परदेशात कितीही वर्षं काढली तरी लेकरांसाठी आपल्या जिवात बसलेलं पहिलं भय कानटोपीच्या काळातलंच असतं: थंडी बाधेल. गाडी, काळोख, वळण हे सगळं मागाहून. मी माझा काळा लोकरी कोट काढला आणि नको नको म्हणणाऱ्या ईशाला त्यात गळ्यापर्यंत गुंडाळलं. पंख आत चेपले गेले. "काका, आता मी काजवा नाही," ती रडवेली होऊन म्हणाली. दारापाशी गेलो की काढू, असं मी तिला समजावलं, आणि आपण किती जपतो मुलांना, असं मनाशी वाटूनही गेलं.

समोरच्या घरापुढे फुगवलेलं मोठं भूत डुलत होतं. ते बघून ती धावली. वळणावरून आलेल्या गाडीचे ब्रेक किंचाळले, आणि मी पोहोचलो तेव्हा ती गाडीपासून हातभर अंतरावर, पानांच्या ढिगात मागे पडलेली होती. खरचटला तो फक्त गुडघा. गाडीतून उतरलेल्या म्हाताऱ्या बाई एवढंच म्हणत होत्या, की मला ती दिसलीच नाही.

घर येण्याआधी मी कोट काढून घेतला, पानं झटकली आणि स्वतःच्या अंगात चढवला. दारात वहिनींना सांगितलं, "त्या बाईंना ईशा दिसलीच नाही म्हणे." वाक्य अक्षरशः खरं होतं, त्याहून सोयीचं खोटं मला शोधूनही सापडलं नसतं. ईशा रडण्यात गुंतली होती. वहिनींनी तिला पोटाशी घेतलं आणि त्यांचा हात तिच्या पाठीवरच्या पट्टीवरून फिरला, ती जागेवर आहे ना हे चाचपल्यासारखा. मग दरवर्षी पट्ट्या वाढत गेल्या.

यंदा मुलं पुढे निघाली आणि वहिनींच्या गॅरेजमध्ये आम्ही दोघंच उरलो, तेव्हा मी त्यांना कोटाचं सांगून टाकलं. ठरवलं नव्हतं; त्यांचा अंगठा आणखी एकदा पाहिला असता तर मीच किंचाळलो असतो. त्या चिडतील, मला घराबाहेर काढतील, यावरची सगळी उत्तरं मी इतक्या वर्षांत घोकून ठेवली होती.

"म्हणजे पट्टी दिसली असती," वहिनी म्हणाल्या. मग, माझ्याकडे न बघता, "मला वाटायचं, मीच कमी लावली."

मन मोकळं केलं की आपलं ओझं उतरेल, असं मला वाटत आलं होतं. ते माझ्या खांद्यावर कधी नव्हतंच. माझ्या वाटचं ते त्याच वाहत होत्या, आणि वर मी त्यांची थट्टा करत होतो. मी माफी मागितली. ती त्यांनी स्वीकारली की नाही, ते मला अजून ठाऊक नाही.

"ईशाला तुम्हीच सांगा, भाऊजी," एवढं म्हणून त्या आत गेल्या.

मी भराभर चालत मुलांना गाठलं. ईशा सगळ्यांच्या मागे, हात खिशात घालून, कंटाळल्यासारखी चालली होती. मी तिच्या बरोबरीनं चालू लागलो. तिला त्या संध्याकाळचं काय आठवतं, हे आधी विचारावं असं वाटलं; आणि पाच-सहा घरं मागे पडली, तरी विचारायचा धीर होईना.