पोस्ट तीनचा दुसरा ब्लड काउंट

माझं शेवटचं पोस्टिंग चाकणच्या अलीकडे, लष्कराच्या एका स्टोअर डेपोवर होतं. मी नायब सुभेदार, गार्डचा इन्चार्ज. कुंपणापलीकडे कंपन्यांच्या शेड आणि कंटेनरची रांग. शत्रू नाही, बर्फ नाही. घरी फोनवर मी म्हणायचो, पेन्शनआधीची विश्रांती चालली आहे.

सकाळी सहाला पीटी, आठला गार्ड माउंटिंग, दर चार तासांनी रिलीफ, म्हणजे पहारेकऱ्यांची बदली. पावसाळा सरत आला होता आणि शेजारच्या भंगारातल्या टायरांत पाणी साचलं होतं. एका आठवड्यात माझे चार जवान तापाने पडले. रोस्टर भरताना डोकं फिरायचं.

चौथा होता नाईक दत्ता शिंगाडे. राजगुरुनगरजवळच्या गावचा. घर तासाभरावर, तरी रजा मागणार नाही असा गडी. तापाच्या तिसऱ्या दिवशी एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, त्याचं रक्त तपासलं. डेंगी निघाला. ब्लड काउंटमध्ये प्लेटलेट एक लाख साठ हजार. आम्हाला त्या कागदावरचा तेवढा एकच आकडा कळायचा. दीड लाखाच्या वर म्हणजे पास. फायरिंगचा स्कोअर सांगावा तसा मी तो बराकीत मोठ्याने वाचून दाखवला.

आमच्या डॉक्टर, कॅप्टन मॅडम, यांनी बजावलं होतं, "उद्या सकाळी पुन्हा काउंट. ताप उतरला तरी."

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. सात वाजता दत्ता दाढी करून, बूट चमकवून माझ्यासमोर उभा.

"काउंट दिलास?"

"ताप गेला की साहेब. हातच्या काकनाला आरसा कशाला? सारखं सिक रिपोर्टला गेलं की पोरं कामचुकार म्हनत्यात."

फौजेत खरंच तसं म्हणतात. मीही म्हटलं आहे. त्याच्या कागदावर फिटचा शेरा नव्हता, पण मला माणूस हवा होता. बारा ते चारच्या रिलीफला मी त्याला पोस्ट तीनवर लावला.

तेरा-चाळीसला वायरलेस वाजला.

"कंट्रोल, पोस्ट तीन. पोटात लई दुखतंय. ओव्हर."

"खाली बस. पाणी पी. रिलीफ घेऊन येतो. ओव्हर."

उत्तर आलं नाही. मी पुन्हा कॉल केला, तरी नाही. पळतच गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता, रायफल छातीशी धरलेली.

"ताप न्हाई मला, साहेब," तो म्हणाला.

नव्हताच. हात गार पडले होते, आणि त्या गारपणाने माझी पाचावर धारण बसली.

हॉस्पिटलचा रस्ता अर्ध्या तासाचा. हायवेवर कंटेनर अडकले होते. सव्वा तास लागला. सगळ्या वाटेवर मी त्याचे तळवे चोळत होतो आणि ड्रायव्हरवर ओरडत होतो.

पाठोपाठ पोहोचलेल्या कॅप्टन मॅडमनी कालचा आणि हॉस्पिटलातला नवा, असे दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. प्लेटलेट अठ्ठावीस हजार. पण त्यांचं बोट दुसऱ्याच ओळीवर होतं, पीसीव्हीच्या, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या प्रमाणाच्या. काल एकेचाळीस, आज चोपन्न.

"वाढलं म्हणजे चांगलं ना?" मी विचारलं.

"नाही, साहेब. रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपलंय. आमटी आटते तसं रक्त घट्ट झालंय. हे ताप उतरतानाच होतं. म्हणून तर सकाळचा काउंट सांगितला होता."

दत्ता दुसऱ्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी गेला.

गावात सलामी झाल्यावर त्याची बायको माझ्यापुढे आली.

"साहेब, त्यान्ला ड्युटीवर कुनी लावलं?"

"मी, वहिनी."

ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "मला फोनवर म्हनले व्हते, घोर करू नगंस. साहेबांनी सोता रिपोर्ट वाचलाय."

मी एकच ओळ वाचली होती, हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. आज सांगतो आहे. त्याचं नाव नाईक दत्ता शिंगाडे. वय एकतीस.