पूजेत ठेवलेला पाना

ती सकाळ अजून मनातून जात नाही. दसऱ्याचा दुसरा दिवस होता. ठाण्याच्या दारावरचं झेंडूचं तोरणही सुकलं नव्हतं, तेवढ्यात ठाणे अंमलदार फोन ठेवत म्हणाला, "मॅडम, हुडकेश्वर रोडला अपघात. एक बाई गेली."

जाऊन पाहते तर भाड्याची एक चारचाकी पुढच्या डाव्या बाजूला टेकलेली. तिचं चाक निखळलं होतं आणि रस्त्याकडेला भाजी विकायला बसलेल्या बाईवर जाऊन आदळलं होतं. चाळिशीचा ड्रायव्हर पळाला नव्हता. तिच्या शेजारी मातीत बसून होता.

आता खरं ते सांगते. कागदावर मी लिहिलं, 'भरधाव वेगाने व हयगयीने'. वेग पाहिला कोणी? कोणीच नाही. पण अपघात म्हटला की हे शब्द आमच्या हातातून आपोआप उतरतात. वर्षानुवर्षं उतरवलेले असतात ना!

थोड्या वेळानं गाडीमालक ठाण्यात आला. "शंभरदा सांगतलं त्याले, मॅडम, हळू चालव म्हणून. गाडी घेऊन कुठं फिरत होता, मले काय माहीत!"

ड्रायव्हरचं म्हणणं वेगळंच. "मी गॅरेजमध्ये चाललो होतो, मॅडम. कालपासून चाक आवाज करून राहिलं होतं. मालकाले बी सांगतलं."

आमचा हवालदार हसला. "पकडल्यावर सगळेच गॅरेजमध्ये चालले असतात गा."

मलाही ते पटलं नाही, हे कबूल करते. बाहेरच्या बाकावर त्याची बायको पदर घट्ट धरून बसली होती. नवरा तुरुंगात जाणार, लायसन्स जाणार, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

दुपारी साठीचा एक मेकॅनिक आपणहून ठाण्यात आला. नखांत काळं ग्रीस. उभ्याउभ्याच म्हणाला, "त्याले सोडा, मॅडम. तो माझ्याकडेच येत होता."

"तुम्हाला कसं माहीत?"

"काल दसऱ्याले आला होता ना गाडी घेऊन. मी म्हटलं, थोडी पुढं घे, ऐकू दे. घूं-घूं असतं तर बेअरिंग म्हटलं असतं. हे ठक-ठक होतं, अन् स्टेअरिंग थरथरत होतं. तवाच सांगतलं त्याले, नट ढिल्ले हायेत गा."

"मग आवळले काहून नाहीत?" नकळत मी त्याच्याच बोलीत विचारलं.

त्यानं मान खाली घातली. "पाने पूजेत होते, मॅडम. दसऱ्याले आम्ही अवजार उचलत नाही. त्याच्या डिक्कीतला पाना बी मालकाच्या घरी पूजेतच. म्हटलं, हळूहळू घरी ने, उद्या सकाळी पयले तुझीच गाडी घेतो." मग हळूच म्हणाला, "नटाखाली पाहा तुम्ही. चाकं नवीन रंगवलेली होती."

मी मोटार वाहन निरीक्षकांना बोलावलं. पंचांसमोर त्यांनी उरलेल्या चाकांना हात घातला. काही नट तर दोन बोटांनी फिरले. खाली चंदेरी रंगाचा जाड थर, चेंदलेला. रंग कच्चा असताना चाक बसवलं की नट लोखंडावर नाही, रंगावर आवळला जातो. चालता चालता रंग दबतो आणि नट सैल पडतो.

मालकाला पुन्हा बोलावलं. अपघाताचं नावच काढलं नाही. चहा दिला आणि म्हटलं, "चाकं मस्त रंगवलीत हो. कोणाचा हात?"

गडी खुलला! "माझाच, मॅडम. दसऱ्यासाठी. आतून-बाहेरून दोन हात मारले."

"वाळायला किती वेळ दिला?"

"वेळ कुठं होता? दसऱ्याच्या सकाळी पूजा. रंगवली त्याच आदल्या संध्याकाळी बसवली."

"आणि ड्रायव्हर आवाजाचं सांगत होता तेव्हा?"

कप खाली ठेवला त्यानं. मग म्हणाला, "सणाच्या दिवशी कटकट नको, म्हटलं. त्याले म्हटलं, गाडीले नजर लागली असंल. निंबू बदल."

ड्रायव्हर सुटला. तपासाच्या कागदात मी स्वच्छ नोंदवलं की वेगाला पुरावा नाही, आणि दोषारोपपत्र मालकावर गेलं. पुढे निवृत्त होईपर्यंत, समोरचा माणूस काय सांगतो ते आधी त्याच्याच शब्दांत लिहायचं, हा नेम मी मोडला नाही. उशिरा शिकले, पण शिकले.

मेकॅनिक जबाबावर सही करूनही उठेना. "माझं नाव कुठं लिहिलं, मॅडम?"

"साक्षीदारांत."

"आरोपीत नाही?"

"त्याला कलम नाही, काका."

"पण मले समजलं होतं ना. नुसत्या आवाजावरून समजलं होतं."

त्या भाजीवाल्या बाईच्या घरी मी स्वतः गेले. आरोपी कोण, काय झालं, सगळं तिच्या नवऱ्याला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. शिव्या नाहीत, रडणं नाही. एवढंच विचारलं, "नट आवळायले किती वेळ लागते, बाई?"

"पाच मिनिटं," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आला.